कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये घरीच एलईडी बसवून कोरलेला खंड्या उजळायचाय, सल्ला हवा

निळी वात
नमस्कार मंडळी. गेले दोन महिने वेळ मिळेल तसा बसून मी ॲक्रिलिकच्या एका तुकड्यावर खंड्या कोरलाय. फांदीवर बसलेला, चोच खाली, पाण्याकडे टक लावून. तुकडा ३० सेंटीमीटर लांब, २० उंच आणि ५ मिलिमीटर जाड आहे. कॅबिनेटच्या आत, काचेच्या दारामागे, एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) झाकणावर तो उभा करून खालच्या कडेतून उजेड द्यायचा विचार आहे. परवा अंधारात कडेला टॉर्च लावून पाहिला, तर पंखाची एकेक रेघ पेटली. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

हाताशी ५ मिलिमीटरचे पांढरे एलईडी चाळीसेक आहेत, सोल्डरिंग आयर्न आहे, मल्टिमीटर आहे. एसएमपीएसला एक मोलेक्स (चार वायरींचा वीजजोड) मोकळा आहे. झाळकाम बऱ्यापैकी जमतं, पण रेझिस्टन्सचं गणित कोणी नीट समजावून दिलं तर बरं होईल. सुटे एलईडी जोडू की तयार पट्टी आणू? आणि कॉम्प्युटर झोपायच्या खोलीतच आहे, तर रात्री डोळ्यांवर येणार नाही असं काय करता येईल?

सँडपेपर
दोन महिने कोरलंय म्हणजे आता घाई करू नका. आधी खालच्या कडेकडे लक्ष द्या.

करवतीने कापलेली कड खडबडीत असते, त्यामुळे उजेड आत शिरण्याआधीच तिथे विखुरतो. ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासा, मग ८००, मग १२००. बोट फिरवल्यावर काचेसारखी लागली पाहिजे. आत शिरलेला उजेड दोन्ही पृष्ठभागांवर आपटत पुढे जातो, बाहेर पडत नाही. शाळेत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. ॲक्रिलिकमध्ये हे ज्या कोनापासून सुरू होतं तो क्रांतिक कोन साधारण ४२ अंशांचा. तुम्ही जिथे कोरलंय तिथेच त्याची वाट मोडते आणि तो बाहेर येतो, म्हणून रेघ पेटलेली दिसते. पण हेच ओरखड्यालाही लागू आहे! साफ करताना पडलेला बारीकसा चरासुद्धा खंड्याइतकाच चमकेल. कोरड्या फडक्याने कधीही पुसू नका, आणि संरक्षक कागद अगदी शेवटी काढा.

उरलेल्या तीन कडांना पांढरी टेप लावा, बाहेर निसटणारा उजेड परत आत येतो. ॲल्युमिनियमची चमकदार टेप जास्त परावर्तन करते, पण तिच्यातून वीज वाहते. मदरबोर्डच्या शेजारी ती सुटून पडली तर नुकसान मोठं होईल. पांढरीच बरी.

तांब्याची तार
गणित सांगतो, एकदा हाताने करून पाहा म्हणजे कायमचं लक्षात राहील.

मोलेक्सच्या चार वायरींत पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट आणि मधल्या दोन काळ्या म्हणजे ग्राउंड. रंगावर विसंबू नका, मल्टिमीटरने मोजा. आपल्याला पिवळी आणि एक काळी पुरते.

पांढरा एलईडी साधारण ३.२ व्होल्ट खातो. एका ओळीत तीन जोडले की झाले ९.६. बारातून उरले २.४ व्होल्ट, ते रेझिस्टन्सने घ्यायचे. १५० ओहम लावला तर २.४ भागिले १५०, म्हणजे १६ मिलिअँपिअर. या एलईडींची मर्यादा सहसा २० ची असते, त्यामुळे कागदावर हे बसतं. पण एसएमपीएसचे बारा व्होल्ट म्हणजे अचूक बारा नव्हेत. पाच टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे १२.६ पर्यंत. त्यात तुमचे एलईडी ३ व्होल्टवालेच निघाले तर उरतात ३.६, आणि त्याच १५० ओहममधून २४ मिलिअँपिअर जाऊ लागतात. म्हणून मी २२० लावेन. नेहमीला ११ मिलिअँपिअर, वाईटात वाईट धरलं तरी १६. झोपायच्या खोलीत हा उजेड भरपूर होतो. डोळ्याला तसाही अर्धा करंट म्हणजे अर्धा उजेड असा दिसत नाही, फरक कमीच जाणवतो.

चार एलईडी एका ओळीत घ्यायचा मोह होईल. चार गुणिले ३.२ म्हणजे १२.८. पेटतील तर मंद, नाहीतर नाहीच.

३० सेंटीमीटरला अडीच सेंटीमीटरवर एक असे १२ एलईडी बसतात. तीन-तीनच्या चार ओळी, प्रत्येक ओळीला आपला वेगळा २२० ओहम, आणि चारही ओळी समांतर. सगळ्या मिळून ४४ मिलिअँपिअर, म्हणजे अर्ध्या वॅटच्या आसपास. एसएमपीएसला याचा पत्ताही लागणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिवळ्या वायरीवर, मोलेक्सच्या अगदी जवळ, अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घाला. एलईडी एवढेसे, त्यांना फ्यूज कशाला, असं वाटेल. पण फ्यूज एलईडीसाठी नाही, वायरीसाठी आहे. त्या पिवळ्या वायरीमागे एसएमपीएस कितीतरी अँपिअर द्यायला तयार असतो. बारीक वायर शॉर्ट झाली तर तो स्वतः बंद व्हायच्या आधी वायरच तापून वितळू शकते. माझ्या पहिल्या कॅबिनेटमध्ये वायर पत्र्याच्या भोकातून नुसतीच ओढून घेतली होती. पंख्याच्या थरथरीने पत्र्याच्या धारेवर तिचं आवरण हळूहळू घासलं गेलं आणि चार महिन्यांनी एका संध्याकाळी जळका वास आला. तेव्हापासून फ्यूज आणि भोकाला रबरी कडी, या दोन गोष्टींशिवाय मी काम करत नाही. प्रत्येक सांध्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळली जाणारी नळी) चढवा. चिकटपट्टी उष्णतेने सुटते.

आणि एसएमपीएस कधीही उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

जुना मदरबोर्ड
माझं मत थोडं वेगळं. तयार पट्टी घेतली तर हे गणित तिच्यात आधीच करून ठेवलेलं असतं. १२ व्होल्टच्या साध्या पट्टीवर दर तीन एलईडींना रेझिस्टन्स असतो, म्हणून ती तिसऱ्या एलईडीनंतरच्या खुणेवरच कापायची. पातळ, चिकटवायला सोपी.

रंग बदलणारी घेणार असाल तर मदरबोर्डवरचं हेडर, म्हणजे पट्टी जोडायच्या पिना, नीट बघा. चार पिनचं १२ व्होल्टचं, त्यात अख्ख्या पट्टीचा रंग एकच. तीन पिनचं ५ व्होल्टचं, त्यात प्रत्येक एलईडीला वेगळा रंग देता येतो. पाचवाली पट्टी बारावर लावली की संपलीच. आणि तीन पिनवाल्या पट्टीवरचा बाण बघून जोडा, डेटा एकाच दिशेने जातो.

तांब्याची तार
मोठ्या कामाला पट्टीच, मान्य. कॅबिनेटच्या कडा उजळायच्या असत्या तर मीही तेच सांगितलं असतं. पण इथे ५ मिलिमीटर जाडीच्या कडेत उजेड घालायचाय. बऱ्याच पट्ट्या ८ ते १० मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांचा उजेड चौफेर पसरतो, म्हणजे बराचसा कडेच्या बाहेरच जाणार. ५ मिलिमीटरचा गोल एलईडी कडेला बरोबर भिडतो. शिवाय ते त्यांच्याकडे आहेतच.

मध्यरात्र
ताई, झोपायच्या खोलीसाठी दोन गोष्टी सांगते. पिवळ्या वायरीत एक छोटा स्विच घाला आणि कॅबिनेटच्या मागे पीसीआय कार्डाच्या रिकाम्या जागेवर जी पत्र्याची पट्टी असते तिच्यात बसवा. कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवायचा असला तरी दिवे बंद करता येतात.

दुसरं, पांढऱ्यात थंड निळसर आणि उबदार पिवळसर असे दोन प्रकार येतात. रात्री निळसर उजेडाने मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबतं, झोप लागायला उशीर होतो. तुमचे थंड असतील तर एलईडी आणि कड यांच्यामध्ये फिकट पिवळा जिलेटिन कागद लावून बघा.

निळी वात
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बसून चार ओळी झाळल्या. तीन पेटल्या, चौथी पूर्ण काळी. सांधे तपासले, सगळे ठीक आहेत. आणि दुसरं, तळाशी बारा प्रखर ठिपके दिसतात, वर खंड्या मात्र छान. त्या ठिपक्यांनी चित्राची मजा जाते.

तांब्याची तार
चौथ्या ओळीत एक एलईडी उलटा लागला असणार. एका ओळीत एक उलटा असला की तिन्ही गप्प. लांब पाय धन, पण कापल्यावर तो कळत नाही. तेव्हा कडेचा सपाट भाग बघा, तो ऋण बाजूला असतो. काढलेला एलईडी परत लावण्याआधी ३ व्होल्टच्या बटन सेलवर पेटवून बघा, शंका आली तर नवा लावा.

सँडपेपर
ठिपक्यांचा दोष एलईडीच्या गोल डोक्याचा. ते भिंगासारखं काम करतं आणि उजेडाची सरळ सोट शलाका वर फेकतं. डोकं कानशीने सपाट करा, आतल्या तारेला मात्र धक्का लागता कामा नये, मग ४०० च्या पेपरने धुरकट करा. उजेड रुंद पसरेल. तरी तळाचे दोनेक सेंटीमीटर ठिपके राहतीलच. तेवढा भाग काळ्या पट्टीमागे झाका. तुकडा पट्टीत रोवल्यासारखा दिसेल आणि आधारही मिळेल.

निळी वात
एक एलईडी खरंच उलटा होता! बाराही डोकी घासली, खाली काळ्या फोमची पट्टी लावली. आत्ता खोलीत अंधार करून बसलेय. चोचीच्या टोकावरची जी रेघ कोरताना मला जरा जास्त खोल गेली असं वाटत होतं, तीच सगळ्यात उजळ दिसतेय, जणू त्याने नुकताच मासा पाहिलाय. स्विचही मागे बसवला.

आता हाव सुटलीये. पाठ निळी आणि पोट नारिंगी करता येईल का?

सँडपेपर
एका तुकड्यात दोन रंग मिसळून जातील. दोन तुकडे घ्या, एकामागे एक. पुढच्यावर पाठ, पंख आणि चोच, मागच्यावर फक्त पोट आणि पाय. प्रत्येकाच्या कडेला आपापले एलईडी. दोन्हींच्या मध्ये मिलिमीटरभर हवा राहू द्या. चिकटवले तर उजेड एकातून दुसऱ्यात जाईल.

तांब्याची तार
निळा एलईडी पांढऱ्याइतकेच व्होल्ट खातो, तेव्हा तीनची ओळ आणि २२० ओहम तसंच ठेवा. नारिंगी साधारण २.१ व्होल्टचा. चारच्या ओळीत ८.४ होतात, उरलेल्या ३.६ ला ३३० ओहम, म्हणजे तिथेही ११ मिलिअँपिअर. बारा नारिंगींच्या तीनच ओळी होतील. निळा डोळ्याला जास्त टोचतो, तो फार वाटला तर त्याचे रेझिस्टन्स ४७० करा. नारिंगीला हात लावू नका.