खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवरचे रायबोसोम कायम तिथेच असतात का?

जिज्ञासा: आकृत्यांमध्ये खडबडीत जालिकेवर, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यावर, रायबोसोमचे (प्रथिनं बनवणाऱ्या कणांचे) ठिपके चिकटवून ठेवल्यासारखे दिसतात. पेशीद्रवात मोकळे असणारे रायबोसोम यांच्यापेक्षा वेगळे असतात का? कोणतं प्रथिन जालिकेत जायचं हे ठरतं कुठे?

पेशीजाल: रायबोसोम सगळे सारखेच. ठरतं ते तयार होणाऱ्या प्रथिनाच्या साखळीवरून. इन्सुलिन घ्या. त्याची मूळ साखळी ११० अमिनो आम्लांची. त्यातली पहिली २४ म्हणजे संकेतक्रम, जालिकेत जायची जणू चिठ्ठी, आणि त्याचा मधला भाग जलविरोधी. हे टोक रायबोसोममधून बाहेर आलं की एसआरपी नावाचा, संकेतक्रम ओळखणारा कण ते धरतो. साखळीची वाढ मंदावते आणि रायबोसोम एमआरएनएसकट (प्रथिनाचा संदेश वाहणाऱ्या रेणूसकट) जालिकेच्या पटलावरच्या एसआरपी ग्राहीपाशी पोचतो. तिथे जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू खर्चून एसआरपी मोकळा होतो आणि साखळी पटलातल्या सेक६१ या मार्गिकेतून आत सरकते. सिग्नल पेप्टिडेझ हे विकर ती २४ कापतं. उरलेली ८६ म्हणजे प्रोइन्सुलिन, इन्सुलिनचं पूर्वरूप. काम संपलं की रायबोसोमचे दोन्ही भाग पुढच्या फेरीसाठी मोकळे होतात.

घडीकार: बरोबर, पण खरी मेख पुढे आहे. प्रोइन्सुलिनमध्ये तीन डायसल्फाइड बंध (सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोड्यांमधले गंधकाचे बंध) योग्य जोड्यांतच जुळावे लागतात. पेशीद्रव क्षपणकारी (असे बंध तोडणारा) असल्याने तिथे ते टिकत नाहीत. जालिकेच्या पोकळीत टिकतात, आणि चुकलेल्या जोड्या पीडीआय हे विकर सोडवून पुन्हा बांधतं. अकिता या उत्परिवर्तित जातीच्या उंदरांत इन्सुलिनमधल्या एका सिस्टीनच्या जागी टायरोसीन येतं. त्याचा जोडीदार एकटा पडतो, घडी बिघडते. असं प्रथिन एरवी पेशीद्रवात परत ओढून, युबिक्विटिन ही खूण लावून प्रोटिअसोम या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेत मोडलं जातं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत इन्सुलिनचं उत्पादन इतकं प्रचंड असतं की ही व्यवस्था पुरत नाही. बिघडलेली प्रथिनं साचून जालिकेवर ताण येतो. मग पर्क हा जालिकेतला संवेदक नवी प्रथिनं बनवणंच कमी करतो. ताण तरीही टिकला तर पेशी मरते आणि उंदराला मधुमेह होतो, जनुकाची दुसरी प्रत निर्दोष असूनही.

जिज्ञासा: रायबोसोम सुटतात हे प्रयोगात दाखवता येतं?

पेशीजाल: येतं. यकृत ०.२५ मोलर सुक्रोजमध्ये ४ अंशांवर घोटा. १०,००० जी वर (गुरुत्वाच्या १०,००० पट) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून केंद्रकं आणि मायटोकॉन्ड्रिया काढून टाका, वरचा द्रव १,००,००० जी वर तासभर फिरवा. तळाशी बसतात ते मायक्रोसोम, म्हणजे जालिकेचे तुटून बंद झालेले पुटके. त्यांत ईडीटीए हे धातूंचे आयन पकडणारं रसायन घातलं की रायबोसोमला लागणारं मॅग्नेशियम बांधलं जातं आणि रायबोसोम गळून पडतात. मात्र ईडीटीए घोटतानाच सुक्रोजच्या द्रावणात टाकू नका. रायबोसोमच्या वजनामुळेच खडबडीत पुटके मृदू, म्हणजे रायबोसोम नसलेल्या, पुटक्यांपेक्षा घन असतात. रायबोसोम आधीच गेले तर वेगवेगळ्या घनतेच्या सुक्रोजच्या थरांत दोन्ही वेगळे होत नाहीत.