पंक झीनसाठी स्वतःबद्दल लिहिलंय, देऊ का?

मागची रांग: आमच्या इथल्या पंक झीनने (पंक म्हणजे बंडखोर रॉक संगीत, झीन म्हणजे हौसेने काढलेलं, झेरॉक्स करून वाटलेलं छोटं मासिक) पुढच्या अंकासाठी लिखाण मागवलंय. मी बँडमध्ये नाही, गिटार धरताही येत नाही. बाबा वारले त्या आठवड्यात मी एका गिगला, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाला, गेले होते. गर्दीत धक्के खात रडले, पडले, चार अनोळखी हातांनी उचललं. त्यावर 900 शब्द झालेत. आईचंही आलंय त्यात. घरातलं असं छापायचं का? आणि हे 'पंक' तरी आहे का?

खरखर: अगं, दे बिनधास्त! 1976 मध्ये लंडनला मार्क पेरीने 'स्निफिन ग्लू' हे पंक झीन काढलं, तो बँकेत कारकून होता. टाइपरायटर, मार्कर, झेरॉक्स, झालं. नव्वदच्या दशकातल्या रायट गर्लच्या (मुलींच्या स्त्रीवादी पंक चळवळीच्या) झीन्समध्ये तर मुलींनी घर, शरीर, मारहाण, सगळं लिहिलं.

स्टेपलर: मी अंक जुळवतो, म्हणून रुक्ष बोलतो. 900 जास्त होतात. ए-4 दुमडला की ए-5ची चार पानं, म्हणजे पानं चारच्या पटीत. तुझ्यामुळे अख्खा कागद वाढेल. हाताने लिहिणार असशील तर काळ्या पेनाने, आणि कडेला सेंटीमीटरभर जागा सोड, झेरॉक्स कडा खातं. (फिकट पेन्सिलीत आलेल्या कविता मी अजून भोगतोय.) आईला आधी वाचून दाखव. वाटलेली प्रत परत मागता येत नाही.

मागची रांग: दाखवलं. म्हणाली, "माझं राहू दे, पण मी त्या दिवशी ओरडले नव्हते." ती ओळ काढली. 610 वर आलंय. टोपणनावाने देतेय.