विषय: सहावीपासून लॅटिन की फ्रेंच? अर्ज शुक्रवारी द्यायचा आहे

प्रेषक: पाचवीतल्या मुलाची आई

मराठी मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

इथे जर्मनीच्या बायर्न राज्यात मुलगा गिम्नाझियममध्ये (विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत) आहे. तिथल्या कालच्या पालकसभेत दुसऱ्या परकीय भाषेचा अर्ज हाती दिला आणि तो शुक्रवारपर्यंत भरून द्यायचा आहे. इंग्रजी चालूच आहे. सहावीपासून लॅटिन किंवा फ्रेंच यांपैकी एक निवडायची, आणि निवड पुढे बदलता येणार नाही असे अर्जाच्या तळाशी ठळक छापले आहे. चिरंजीव जर्मन सहज बोलतात, परंतु लिहिताना आर्टिकल (नामापुढे येणारे डेअर, डी, डास) आणि विभक्ती अजून चुकतात आणि जर्मनच्या शूलआउफगाबमध्ये, म्हणजे वर्गातल्या मोठ्या लेखी परीक्षेत, गुण नेमके तिथेच जातात. वर्गशिक्षिका म्हणतात की अशा मुलाने लॅटिन घ्यावे. घरी यांना मात्र जी भाषा कोणी बोलत नाही तिच्यासाठी मुलाची इतकी वर्षे खर्च करणे पटत नाही. मागच्या वर्षीची चर्चा मी वाचली, पण ती अर्ध्यावरच स्पॅनिशकडे वळली होती. ज्यांची मुले यातून गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रेषक: खजिनदार

वहिनी, वर्गशिक्षिकांचे म्हणणे मनावर घ्या, असे मी आग्रहाने सांगेन.

लॅटिनच्या तासाला शिक्षक शिकवतात ते जर्मनमधून आणि मुलाने वहीत बहुतांशी लिहायचे तेही जर्मनच. उतारा समोर आला की आधी क्रियापद शोधायचे, त्याचा पुरुष आणि वचन पाहायचे, मग कर्ता, मग कर्म, आणि हे सारे नीट जर्मन वाक्यात बसवायचे. लॅटिनमध्ये आर्टिकल मुळीच नसते, त्यामुळे प्रत्येक नामापुढे ‘डेअर’ येणार की ‘डेन’ हे मुलाला दर वेळी स्वतः ठरवावे लागते. आमच्या मुलीला डाटिव्ह आणि आकुझाटिव्ह (आपली चतुर्थी आणि द्वितीया) यांतला फरक जर्मनच्या तासापेक्षा लॅटिनच्या तासाला पक्का समजला, हे मी जवळून पाहिले आहे. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाने त्याच शहराच्या नॉयकोल्न भागातील एका गिम्नाझियमसोबत ‘पोन्स लाटिनुस’ हा प्रकल्प याच विचाराने राबवला: ज्यांच्या घरी जर्मन बोलली जात नाही अशा मुलांची जर्मन लॅटिनच्या आधाराने बळकट व्हावी. आपली मुले तीच आहेत.

मात्र मुलाला डॉक्टर करायचे म्हणून लॅटिन घेऊ नका. वैद्यकीय प्रवेशाला लॅटिनुम, म्हणजे लॅटिन येत असल्याचे प्रमाणपत्र, लागत नाही. लागणारी परिभाषा विद्यापीठात स्वतंत्र अभ्यासक्रमात शिकवली जाते. लॅटिनुमची गरज उरली आहे ती लॅटिनचा शिक्षक होणाऱ्याला, आणि बऱ्याच ठिकाणी इतिहास किंवा धर्मशास्त्र घेणाऱ्याला. शिवाय शब्द आणि रूपे रोज पाठ करावी लागतात. सातवीत मूल ढिले पडले की पुढचा उतारा त्याला उलगडतच नाही, आणि त्या वयात घरातल्या कोणीतरी शेजारी बसावे लागते.

प्रेषक: फ्रेंचच्या बाजूने एक आई

खजिनदारांचा अनुभव खरा असेल, परंतु भाषा म्हणजे केवळ व्याकरणाचे आखाडे असा समज होऊ नये म्हणून लिहिते.

फ्रान्स आणि जर्मनी यांनी १९६३ मध्ये एलिझे हा मैत्री करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांची संयुक्त युवक संस्था उभी राहिली. तिच्या ब्रिगिट सोझे कार्यक्रमातून आठवीच्या पुढची मुले साधारण तीन महिने फ्रान्समधल्या कुटुंबात राहतात, तिथल्या शाळेत जातात आणि नंतर तिथले मूल आपल्या घरी येते. माझी मुलगी परतली तेव्हा फोनवर फ्रेंचमध्ये वाद घालत होती. लॅटिन शिकलेल्या मुलाला ही संधी कोठून मिळणार? फ्रेंचमध्ये तोंडी परीक्षाही असते, आणि जे मूल लिहिण्यापेक्षा बोलण्यात पुढे आहे, जसे आपले चिरंजीव, त्याला तिथे गुण मिळतात.

बदलीचाही विचार करा. आम्ही दुसऱ्या राज्यातून बायर्नमध्ये आलो. तिकडे दुसरी भाषा सातवीपासून होती आणि इकडचा वर्ग एक वर्ष पुढे होता. फ्रेंच असल्यामुळे तो फरक भरून काढायला सुट्टीतले वर्ग, ध्वनिमुद्रणे आणि फ्रेंच बोलणारे शेजारी एवढी साधने हाताशी होती.

प्रेषक: संस्कृत वर्ग

आदरणीय सदस्य, या चर्चेत संस्कृतचा उल्लेख कोणीच केला नाही याचे मला मनापासून वाईट वाटले. संबोधन धरून लॅटिनमध्ये सहा विभक्ती आहेत आणि संस्कृतात आठ. ज्या मुलाने आपल्या वर्गात ‘देव’ शब्द चालवला आहे त्याला लॅटिनची रूपावली परकी वाटणार नाही. फ्रांट्स बोप यांनी १८१६ मध्ये संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फार्सी आणि जर्मानिक भाषांची क्रियारूपे शेजारी ठेवून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून तुलनात्मक भाषाशास्त्र उभे राहिले, आणि ते पुढे बर्लिनमध्येच प्राध्यापक होते. म्हणून लॅटिन घेणाऱ्या मुलांसाठी शनिवारी संस्कृतचा एक जोडतास ठेवावा, असे मी सुचवतो.

भाषा बदलायला लावल्याचे परिणाम आपण भारतातही पाहिले आहेत. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून चालू असलेली जर्मन काढून संस्कृत आणली गेली, तीही वर्ष अर्धे सरल्यावर. मी संस्कृतचा असूनही सांगतो, की मुलांच्या हातातले पुस्तक असे काढून घेऊ नये.

प्रेषक: बालवर्ग समन्वयक

काकांच्या भावनेचा पूर्ण आदर ठेवून नम्रपणे कळवते, की शनिवारची वेळ मराठी बालवर्गाची आहे आणि ती कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलेली आहे. संस्कृतचा तास रविवारी घ्यावा; वर्गाची खोली मी मिळवून देईन.

दोन-तीन पालकांनी मला वेगळे विचारले, की मराठी हीच दुसरी भाषा म्हणून दाखवता येईल का. जी मुले उशिरा, वरच्या इयत्तांत बाहेरच्या देशातून येतात, त्यांना परकीय भाषेऐवजी मातृभाषेची परीक्षा देता येते. परंतु तीही परीक्षक उपलब्ध असेल तरच. पाचवीपासून इथल्या गिम्नाझियममध्ये असलेल्या मुलाला हा मार्ग नाही, त्यामुळे कृपया या आशेवर अर्ज रिकामा सोडू नये.

प्रेषक: खजिनदार

वेळापत्रकाचा प्रश्न कार्यकारिणीकडे जाऊ द्या. अर्ज मात्र शुक्रवारीच द्यायचा आहे.

फ्रेंचच्या तोंडी परीक्षेचा मुद्दा मला मान्य आहे. पण वहिनींनी अडचण सांगितली ती लेखी जर्मनची, आणि आबिटूरपर्यंत, म्हणजे गिम्नाझियमच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत, जर्मन हा विषय काही सुटत नाही. बोलकी भाषा हवीच असेल तर तिलाही पुढे वाट आहे: आपल्याकडे दहावीनंतर दुसरी भाषा सोडून तिच्या जागी उशिरा सुरू होणारी भाषा घेता येते, शाळेने तशी तुकडी काढली असेल तर. अर्ज देण्याआधी शाळेला एवढेच विचारा, की अकरावीला त्यांच्याकडे कोणती नवी भाषा असते आणि तिची तुकडी दर वर्षी भरते का.

प्रेषक: पाचवीतल्या मुलाची आई

सर्वांचे आभार. काका, रविवारच्या संस्कृत तासाला चिरंजीवांचे नाव घालावे. आज सकाळी शाळेत विचारले. अकरावीपासून इटालियन आणि स्पॅनिश आहे, मात्र तुकडी पुरेशी मुले आली तरच निघते. यांनीही रात्री सगळी पत्रे वाचली आणि लॅटिनला होकार दिला. पाठ्यपुस्तक शाळा देते, स्वाध्यायपुस्तिका आपली आपण घ्यायची आहे. खजिनदारभाऊ, ताईंच्या सहावीच्या वह्या जपून ठेवल्या असतील तर सप्टेंबरपर्यंत वापरायला द्याल का?