चित्रपट अंगावर येऊ द्यायचा की हातात धरायचा?

मंद्र (धागाकर्ता):

आईने एकच चित्रपट दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मी तिच्या शेजारी होतो. पहिल्यांदा थिएटरात. त्यात एका तळघरात पाणी शिरतं. आधी फरशीवर पातळ थर, मग घोटे, मग गुडघे. पाणी घोट्यांना लागलं तशी आईने चपला सोडल्या आणि दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. आपण असं काही केलं हे तिला कळलंच नाही. दृश्य संपल्यावर पाय खाली सोडले, अंधारात एक चप्पल सापडेना, तेव्हा कुठे लक्षात आलं. दुसऱ्यांदा काही महिन्यांनी, घरी, फोनवर. पाणी चढायला लागलं आणि तेवढ्यात कुणाचा तरी मेसेज आला. तिने अंगठ्याने चित्र थांबवलं, उत्तर लिहिलं, पुन्हा चालू केलं. पाय जागचे हलले नाहीत.

चित्रपट अख्ख्या अंगाने बघायचा असतो, आणि फोनवर बघताना आपण अंग बाजूला काढून ठेवतो, असं माझं मत आहे. 'कुठेही बघा, गोष्ट तीच' हे मला अजिबात पटत नाही.

मी साउंड मिक्सिंग करतो, म्हणून आवाजापासून सुरुवात करतो. थिएटरच्या मिक्समध्ये खर्जासाठी वेगळा चॅनल असतो, साधारण १२० हर्ट्झच्या खालचा. तीस-चाळीस हर्ट्झची घरघर कानापेक्षा छातीच्या पिंजऱ्यात, खुर्चीच्या पाठीत आणि तळपायांत जास्त कळते. भीती वाटली म्हणून छातीत धडधडलं असं प्रेक्षक म्हणतो. मिक्सिंगला बसलं की मला पुष्कळदा क्रम उलटा जाणवतो: आधी छाती हलते, भीती मागून येते. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून हा खर्ज निघतच नाही. चांगले हेडफोन लावले तर तो कानाला मिळतो, बरगड्यांना नाही. १९७४ मध्ये हॉलिवूडने भूकंपावरच्या एका चित्रपटासाठी थिएटरांत 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा बसवली. मोठाले स्पीकर आणून प्रेक्षकांच्या अंगात कंप उतरवायचा, एवढाच तिचा हेतू होता.

आणखी एक. जर्मनीत माइंत्सला माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी थिएटरातून बाहेर पडणारी हवा मोजली. २०१६ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. ताणाच्या प्रसंगांना हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन वाढलेलं दिसलं. आयसोप्रीन स्नायूंत साठतं आणि स्नायू आवळले किंवा हलले की श्वासावाटे बाहेर पडतं. म्हणजे अंधारात बसलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच क्षणी ताठरली आणि त्याची खूण हवेत उमटली. फोनवर बघणाऱ्या एकट्या माणसाच्या वाट्याला हे कसं यावं?

करंगळी:

साफ असहमत.

पहिली गोष्ट, दुसऱ्या वेळी तुमच्या आईला पाणी येणार हे माहीत होतं. तो फरक फोनच्या खात्यावर कसा टाकता? उलट क्रमाने दाखवलं असतं तर काय झालं असतं, हे आपल्याला सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट, शास्त्राचा आधार घ्यायचा तर पूर्ण घ्या. २००४ मध्ये मेंदू-संशोधक उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी पाच जणांना एमआरआय यंत्रात झोपवून एका गाजलेल्या वेस्टर्न चित्रपटाचा अर्ध्या तासाचा भाग दाखवला. प्रत्येक जण वेगवेगळा, एकटा. तरीही त्यांच्या मेंदूच्या बऱ्याच मोठ्या भागातले चढउतार एकमेकांशी जुळले. तिथे ना थिएटर, ना शेजारी, ना छातीत घुमणारा खर्ज. होती ती यंत्राची खडखड. जपानमधल्या तमामी नाकानो यांच्या प्रयोगात छोटी विनोदी चित्रफीत बघणाऱ्यांच्या पापण्या एकाच सुमारास लवत होत्या. तेही प्रयोगशाळेतच. नुसती गोष्ट ऐकवली तेव्हा मात्र तसं झालं नाही. हे सगळं चित्रपटाच्या रचनेतून घडतं. हॉलची लांबीरुंदी त्याला लागत नाही.

आणि फोनवर अंग नसतं, हे तुम्ही म्हणताच कसं? मी रात्री पांघरुणात, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून एक भयपट बघत होते. पडद्यावरच्या मुलीने आरसा पुसला आणि माझा हात असा झटकला गेला की फोन भिंतीवर आपटला. कोपऱ्यात चीर गेली. अजूनही स्क्रीन सरकवताना ती अंगठ्याला लागते. थिएटरात मी फार तर डोळे झाकले असते. इथे ते भूत माझ्या तळहातात होतं, माझ्याच श्वासाने काच धुरकट होत होती. याहून जवळ चित्रपट आणखी कुठे येणार?

मंद्र:

आईच्या क्रमाबद्दलची चूक मान्य. तो पुरावा म्हणून लंगडा आहे; मला जे दिसलं ते मी लिहिलं.

पण हॅसन यांचा प्रयोग माझ्याच बाजूने बोलतो. एमआरआयमध्ये माणूस डोकं हलवू शकत नाही, उठू शकत नाही, चित्र थांबवू शकत नाही. अर्धा तास सलग. अंग पूर्ण ताब्यात दिल्याशिवाय तो प्रयोग होतच नाही. तुम्ही त्यातून थिएटर काढून टाकलंत, पण थिएटरची जी मुख्य अट आहे, की सुरू-बंद तुमच्या हातात नाही, ती तिथे शाबूत होती. म्हणून माझा मुद्दा दुरुस्त करून मांडतो. पडदा लहान की मोठा, हा प्रश्न दुय्यम. कळ कुणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न. तुमच्या भयपटातही तुम्ही तो थांबवला नव्हता, म्हणूनच फोन भिंतीवर गेला.

ओळंबा:

तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय, की अंग हललं म्हणजे चित्रपट मनाला लागला. चित्रपट-अभ्यासक लिंडा विल्यम्स यांनी १९९१ च्या एका निबंधात भयपट, अश्रुपट आणि अश्लीलपट एका ओळीत बसवले. तिन्हींत पडद्यावरच्या देहाला जे होतं, त्याचीच नक्कल बघणाऱ्याचा देह करतो: किंकाळी, रडू, उत्तेजना. अशा चित्रपटांना कमी लेखलं जातं, हेही त्यांनी नोंदवलं आणि त्यांचा गंभीरपणे विचार केला. तो विचार मला मोलाचा वाटतो, पण त्यातून 'जास्त अंग, जास्त कला' असं निघत नाही. मला सर्वांत जास्त हलवून गेलेला चित्रपट मी पाठ ताठ ठेवून, शांत श्वासाने पाहिला. तीन दिवसांनी भांडी घासताना रडू आलं. ते कुठल्या हवेत मोजणार?

रीळ_३५:

मी बरीच वर्षं प्रोजेक्टर चालवला, ३५ मिलिमीटरचा. कुणाची बाजू घेण्याआधी एक सांगतो, कारण आता हे डोळ्यांनी बघितलेले लोक कमी उरलेत.

सेकंदाला २४ चौकटी, हे सर्वांना माहीत असतं. पण २४ वेळा उजेड-अंधार झाला तर डोळ्यांना लुकलुक सहन होत नाही. म्हणून शटरला दोन पाती असतात. एक पातं रीळ पुढे सरकताना उजेड अडवतं, दुसरं तीच चौकट स्थिर असतानाच मध्ये एकदा अडवतं. प्रत्येक चौकट दोनदा दिसते, सेकंदाला ४८ उघडझाप. काही यंत्रांना तीन पाती, तिथे ७२. हिशेब केला तर दोन तासांच्या चित्रपटात जवळजवळ तासभर पडदा काळाच असतो. तो अंधार आपल्याला दिसत नाही. स्थिर चौकटींमधली हालचाल आपल्याच आत तयार होते. शाळेत याला दृष्टिसातत्य म्हणून मोकळे होतात, पण प्रतिमा डोळ्यात रेंगाळते एवढ्याने हालचाल होत नाही, नुसती गिचमीड होईल. मानसशास्त्रज्ञ माक्स व्हेर्टहायमर यांनी १९१२ मध्येच दाखवलं की दोन स्थिर खुणा ठरावीक अंतराने दाखवल्या की मेंदू स्वतःहून हालचाल बघतो.

म्हणजे अंग तिथे पहिल्यापासून कामाला असतं, पाणी चढायच्या कितीतरी आधी. आणि तेवढं काम फोनवरही होतंच.

बूथच्या खिडकीतून मला मात्र पडद्यापेक्षा डोकी जास्त दिसायची. हॉल कंटाळला की डोकी सुटी होतात, एक इकडे, एक तिकडे, कुणीतरी मान मोडतं. चित्रपटाने पकडलं की शंभर डोकी एकदम थांबतात. आवाज बंद ठेवूनही मला कळायचं, चित्रपट कुठवर आलाय. मंद्र म्हणतात ते मी असं रोज पाहिलं आहे.

अवांतर: या चर्चांत नेहमी ती गोष्ट येते, की पडद्यावर आगगाडी आली आणि पॅरिसचे प्रेक्षक पळत सुटले. २८ डिसेंबर १८९५ च्या ल्युमिएर बंधूंच्या त्या पहिल्या जाहीर खेळात आगगाडीचा तो चित्रपट नव्हताच, आणि नंतर तरी लोक पळाले याला इतिहासकारांना भक्कम पुरावा मिळालेला नाही. कृपया ती कुणी पुरावा म्हणून आणू नका.

तिरीप:

डोळे तपासणं हे माझं काम, त्यामुळे एवढंच. सहा मीटरच्या पलीकडचं बघताना डोळ्यातल्या भिंगाचा स्नायू जवळजवळ सैल असतो. फूटभरावरचा फोन बघताना तोच स्नायू आवळलेला राहतो, दोन्ही डोळे आत वळलेले राहतात, आणि एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास लवणाऱ्या पापण्या बऱ्याच कमी लवतात. दोन तास. डोळे चुरचुरतात, कपाळ दुखतं, मानेचं तर विचारूच नका. तेव्हा 'फोनवर अंग बाजूला काढून ठेवतो' हे चूक आहे. फोनवर अंगाला नुसते कष्ट असतात. चित्रपटाचं सुख घ्यायला ते मोकळं राहत नाही.

सावली:

मी गेले दोन दिवस हा धागा वाचतेय आणि 'अंग ताब्यात देणं' हा शब्द मला टोचतोय.

मला अर्धशिशीचा त्रास आहे आणि सोबत चक्कर येण्याचा. हातात कॅमेरा धरून पळत घेतलेलं दृश्य मोठ्या पडद्यावर आलं की माझे डोळे सांगतात 'तू पळतेस' आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो 'तू बसलीयस', आणि मधल्या मध्ये पोट ढवळून निघतं. एकदा मी रांगेच्या मधल्या खुर्चीवर होते. बाहेर पडायला अकरा जणांचे गुडघे ओलांडायचे होते. मी डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून, पुढची चाळीस मिनिटं नुसता आवाज ऐकत बसले. तो खर्ज, मंद्र, तुमच्या आवडीचा, तो डोळे मिटल्यावरही थांबत नाही.

१६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉन या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला बारा वेळा चमकला आणि सहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. घरी, टीव्हीसमोर बसलेली मुलं. पडदा शरीराला परवानगी विचारत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मला ते रोज माहीत असतं.

फोनवर मी चकाकी कमी करते. थांबवते. खिडकीकडे बघते. पुन्हा लावते. एक चित्रपट चार दिवसांत बघते, पण पूर्ण बघते. माझ्या आवडीचे सगळे चित्रपट मी असेच पाहिलेत आणि त्यांतल्या पात्रांसाठी माझा जीव खालीवर झालाय. ती कळ माझ्या हातात नसती तर मी चित्रपट बघणाऱ्यांत मोडलेच नसते. ताब्यात देणं हे ज्यांना आपल्या शरीराचा भरवसा आहे त्यांना जमतं.

करंगळी:

सावली, +१. हेच मला नीट मांडता आलं नव्हतं.

मंद्र:

सावली, तुमचा प्रतिसाद कालपासून डोक्यातून जात नाहीये. खर्जाचं बटण वर सरकवताना डोळे मिटून बसलेलं माणूस मी कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. उद्यापासून आणेन. थांबवण्याला मी बेफिकिरी समजत होतो; तुमचं थांबवणं तशातलं नाही, हे उघड आहे. ज्यांना लागते त्यांच्या हातात कळ असलीच पाहिजे.

तरीही ज्याला गरज नाही त्याने मेसेजसाठी पाणी थांबवावं, हे मला आजही बरोबर वाटत नाही. तिथे चित्रपटाचं काहीतरी मोडतं.

काल आईला विचारलं, त्या दिवशी पाय का वर घेतलेस? तिला आठवायला वेळ लागला. मग म्हणाली, "पाणी गार होतं रे."

करंगळी:

थिएटरात एसी असतो. चपला काढलेल्या, पाय उघडे. गार हवेने लागलं असेल.

मंद्र:

चपला तिने पाणी आल्यावर काढल्या. पण असेलही, एसी होता खरा. तरी मग त्या गार हवेला तिने पाणी म्हटलं. घरी पंख्याखाली बसली होती तेव्हा नाही म्हटलं.