मदत हवी आहे : वयोश्री योजनेचे ३,००० रुपये आणि आत्याचे श्रवणयंत्र

माझी आत्या ७७ वर्षांची असून ती गावी एकटीच राहते. तिला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची यांसारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट मिळतात, म्हणून आम्ही तिचा अर्ज भरला होता. रक्कम आता जमा झाली आहे. मात्र डॉक्टरांनी सुचवलेले यंत्र या रकमेत बसत नाही, आणि स्वस्तातले यंत्र घेऊन ते पेटीत पडून राहावे असे मला मुळीच वाटत नाही.

उरलेली रक्कम आम्ही स्वतः भरून महागडे यंत्र घेतले, तर त्याचे पूर्ण किमतीचे बिल योजनेत सादर करता येते का? जिल्हा रुग्णालयात श्रवणचाचणी होऊन यंत्र विनामूल्य मिळाल्याचा कोणाला अनुभव आहे का, आणि तसे मिळाल्यास हे ३,००० रुपये परत करावे लागतात का? एसटीचा प्रवास पंचाहत्तरीनंतर विनामूल्य असल्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे परवडते, पण सोबतीशिवाय तिला फेऱ्या मारणे झेपत नाही. त्यामुळे समाजकल्याण कार्यालयात कोणती कागदपत्रे एकाच खेपेत न्यावीत, हेही कृपया सविस्तर कळवावे.