मोतीबिंदू आणि मधुमेह: वडिलांसाठी कोणती लेन्स निवडावी?

प्रश्न (सांगली): मार्केट यार्डात हळकुंड मोडून रंग पारखणे वडिलांना मोतीबिंदूमुळे जमेनासे झाले आहे. शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायच्या कृत्रिम लेन्ससाठी डॉक्टरांनी मोनोफोकल आणि मल्टिफोकल असे दोन पर्याय सांगितले आहेत. त्यांना मधुमेह आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग पिवळसर पडते, म्हणून रंग कळत नाहीत, कोणतीही लेन्स बसवली तरी हा दोष जाईल. मोनोफोकलने बहुधा दूरचे स्पष्ट दिसते, वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकलने चष्म्याची गरज कमी होते, परंतु ती प्रकाश विभागत असल्यामुळे रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि कॉन्ट्रास्ट (उजेड-सावलीतला फरक कळणे) थोडा घटतो. त्यामुळे मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) परिणाम झाला असेल, तर मल्टिफोकल टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी पडद्याची तपासणी करून घ्या.

उत्तर २: सिलिंड्रिकल नंबर (बुबुळाच्या असमान वक्रतेमुळे येणारा नंबर) असल्यास तो दुरुस्त करणाऱ्या टोरिक लेन्सविषयीही विचारा. केवळ महाग आहे म्हणून लेन्स निवडू नका.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. वडील अंधारात स्वतः गाडी चालवून तासगावहून परततात, त्यामुळे वलयांचा मुद्दा आमच्यासाठी फार मोलाचा आहे.

उत्तर १: मग मोनोफोकलच बरी. पुढे कधी पुन्हा धूसर दिसू लागल्यास घाबरू नका. लेन्समागचे आवरण गढूळ झाले असेल, तर याग लेसरने ते मोकळे करता येते.