नागपूर–मुंबई विमान: आबांना डावी खिडकी द्यावी की उजवी?

कारंज्याचा पोरगा: आबा ७२ वर्षांचे, सगळा जन्म वावरात गेला. जानेवारीत त्यांना बहिणीकडे मुंबईला नेतोय, सकाळचं विमान. पहिलाच प्रवास, म्हणून खिडकी नीट निवडायची आहे. माझं मत डावीकडची, म्हणजे ए सीट. नकाशावर नागपूर–मुंबई सरळ रेघ ओढून पाहा. कारंजा तिच्या डावीकडे दहाएक किलोमीटर, लोणार तीसेक. विमान रेघेवरून थोडं सरकलं तरी लोणारची बाजू बदलत नाही. उडाल्यावर साधारण अर्ध्या तासात ते विवर दिसायला हवं. १.८ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे हात लांब केला तर दोन बोटांएवढं.

मूर्तिजापूरकर: काऊन डावीच? आमचं मूर्तिजापूर, अकोला, सारा खारपाणपट्टा, म्हंजे खाऱ्या पाण्याचा मुलूख, उजवीकडं हाय. हवा साफ असली त दूर सातपुड्याची निळी रेघबी दिसते. अन् सकाळी सूर्य डावीकडं. म्हाताऱ्या डोळ्याले तिरीप लागली की पडदा खालीच राह्यते, मंग कायचं लोणार? एफ घ्या.

कारंज्याचा पोरगा: भाऊ, विमान पश्चिमेला जातं. सकाळचं ऊन मागून येतं, डोळ्यात नाही. आणि तिरप्या उन्हातच खड्ड्याच्या काठाची सावली आत पडते, म्हणून तो खोल दिसतो. भर दुपारी सगळं सपाट वाटतं.

मूर्तिजापूरकर: तुमचं ऊन मागून येते हे मान्य. पण एक गोष्ट उजवीकडंच भेटते. खाली ढग असले की त्याच्यावर विमानाची सावली पडते अन् तिच्याभोवती इंद्रधनुष्यासारखं गोल कडं. ते सूर्याच्या उलट्या बाजूलेच दिसते. म्या पाह्यलं हाय, अजून डोळ्यासमोरून जात नाही.

दर्यापूरची सून: दोघंही बाजूवरून भांडताय, पण ओळ कोण पाहणार? माझ्या सासूबाईंना चौदाव्या ओळीत बसवलं होतं. पूर्ण वाट पांढरा पंख पाहिला त्यांनी, खालचं वावर एकही नाही. तीन-तीन सीटच्या विमानात साधारण दहा ते वीस ओळी पंखावर जातात. पार मागे बसलात तर पंख सुटतो, पण इंजिनाच्या गरम हवेनं पुढचं दृश्य थरथरतं. पुढची ओळ घ्या, जास्तीचे पैसे पडले तरी. आणि काही विमानांत एखाद्या ओळीला खिडकीच नसते, नुसती भिंत. सीट निवडताना विमानातल्या सीटांचा नकाशा पाहा.

यवतमाळचा मास्तर: मला तर वाटतं, गुडघे दुखत असतील तर मधल्या वाटेकडची सीट. मधुमेह असेल तर दोनदा उठावं लागतं, खिडकीतला माणूस संकोचानं बसून राहतो.

कारंज्याचा पोरगा: मास्तर, मी मधल्या सीटवर असेन, उठवायला मीच. पण पहिल्या प्रवासाला खिडकी नाही म्हणजे आबांनी काय पाहायचं, समोरच्या सीटची पाठ? सहावी ओळ, ए. आणि मूर्तिजापूरकर, येतानाही ए-च घेतो. विमान उलटं फिरलं की डावी बाजू उत्तरेला, म्हणजे तुमचा खारपाणपट्टा.

मूर्तिजापूरकर: हे आवडलं. परतीचं विमान किती वाजता?

कारंज्याचा पोरगा: संध्याकाळी सात.

मूर्तिजापूरकर: जानेवारीत सातले अंधार पडते! दुपारचं पाहा.

कारंज्याचा पोरगा: खरंच की. आत्ताच बदलतो.